वरच्या मजल्यावरच्या पेशीवाल्या बाई

माणसांपेक्षा पेशींना जास्त जपणाऱ्या बाई अख्ख्या नारायण पेठेत एकच होत्या, आणि त्या नेमक्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. प्रयोगशाळेत काचेच्या डिशमध्ये पेशी वाढवायच्या, हे त्यांचं काम. पेशींचं खाणं एक दिवसाआड बदलावं लागतं, म्हणून लक्ष्मीपूजनालाही पैठणी नेसून स्कूटर बाहेर काढायच्या. "पेशींना दिवाळी कळत नाही, भूक कळते," एवढंच म्हणायच्या. कॅल्शियम काढून घेतलं की पेशी एकमेकींचे हात सोडतात आणि परत घातलं की धरतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. त्यामुळे तळमजल्यावरच्या दोन जावांनी अबोला धरला, तेव्हा बाईंनी दोघींना नाचणीचे लाडू पाठवले. लाडू दगडासारखे झालेत, एवढं एकमेकींना सांगण्यापुरत्या तरी त्या बोलल्या. बाईंनी सगळं श्रेय कॅल्शियमला दिलं.

मी आणि नवरा दोघंही सॉफ्टवेअर कंपनीत. आम्ही दीड वर्षाची मुलगी दत्तक आणली, तेव्हा सगळी बिल्डिंग बघायला लोटली. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "नुकतीच आलीय ती. नवी पेशी चिकटेपर्यंत आम्ही डिशसुद्धा हलवत नाही. पेढे ठेवा आणि निघा!"

मुलगी आमच्यापैकी कुणाकडेच जाईना. चौथ्या दिवशी चिकटली, पण बाईंना. त्यांचा पदर धरून घरभर फिरली, मग त्यांच्या मांडीवरच झोपली. बाईंना स्वतःचं असं कुणी नव्हतं. त्या तासभर पाय न हलवता बसल्या. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवसापासून बाई खाली यायच्याच बंद झाल्या. पोरगी जिन्याकडे बघून रडायची. शेवटी मी वैतागून वर गेले. "अहो बाई, एकदा तरी या ना!"

त्यांनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, "मी आले तर ती माझ्याकडेच येणार. रडू दे तिला, पण तू जवळून हलू नकोस. जा आता."

महिन्याभरानंतर एका दुपारी ती उंबऱ्याला अडखळून पडली आणि रडत थेट माझ्याकडे धावली. मला हर्षवायू व्हायचा तेवढा राहिला. तिला तशीच कडेवर घेऊन वर पळाले. बाईंनी या वेळी दार उघडलं, दोन्ही हात पुढे केले. पोरीने त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि माझ्या खांद्यात तोंड लपवलं.

बाईंनी हात हळूच मागे घेतले. "घट्ट धरलंय हो," म्हणाल्या, आणि बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिल्या.