तो मला पास देत नसे

आमच्या एसी सर्व्हिस कंपनीच्या फुटबॉल टीमचा मी गोलकीपर. नोकरी इथे आखातात, रुवीच्या ऑफिसात, पोट सुटलेलं. पण वसईत चर्चमागच्या मैदानावर लहानपण गेल्यामुळे हात अजून चालतात. दर शुक्रवारी कंपन्या-कंपन्यांच्या मॅचेस होतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या चिपळूणच्या कॅप्टनने एक पोलिश माणूस आणला. तो बरका गावातल्या एका हॉटेलात जिम सांभाळायचा.

"प्रोफेशनल डिफेंडर होता म्हणे. तुझ्या पुढ्यात उभा करतो," कॅप्टन म्हणाला.

मला पटेना. असा माणूस बरक्यात ट्रेडमिल पुसायला कशाला येईल?

खेळायचा मात्र सुरेख. धावणं कमी, पण चेंडू पडायचा तिथे हा आधीच उभा. एकच खटकायचं. कितीही अडचणीत सापडला तरी चेंडू मागे माझ्याकडे द्यायचा नाही. मी "कीपर! कीपर!" ओरडायचो आणि हा लाथ मारून बाहेर घालवायचा.

एका दुपारी मी मोबाइलवर त्याचं नाव टाकलं. फोटो निघाले. तोच होता, फक्त केस दाट. एक पोलिश बातमी भाषांतर करून वाचली. हंगामाच्या शेवटच्या मॅचमध्ये याने आपल्याच गोलकीपरकडे दिलेला पास सरळ जाळ्यात गेला आणि टीम खालच्या लीगमध्ये घसरली. मॅच विकल्याचा संशय आला. चौकशीत काही सापडलं नाही, पण क्लबने त्याला पुन्हा घेतलं नाही.

तेव्हापासून मी चेंडू सोडून त्यालाच बघू लागलो. एकदा मॅचआधी तो समोरच्या टीमच्या फॉरवर्डशी हसत बोलला, आणि थोड्याच वेळात तोच फॉरवर्ड त्याला चुकवून गोल करून गेला.

"पाय घसरला," हा म्हणाला. मैदान तर कोरडं ठणठणीत होतं.

"हा विकला गेलाय," मी कॅप्टनला सांगितलं.

"आपली मॅच कोण विकत घेणार, भाऊ?" तो हसला. "जिंकलो तरी बिर्याणी, हरलो तरी बिर्याणी."

त्या दिवशी पोलिश डिफेंडरची गाडी गॅरेजमध्ये होती. कॅप्टनने त्याला बरक्याला सोडायचं काम नेमकं माझ्याच गळ्यात घातलं. गाडी हायवेला लागली तसा तो म्हणाला, "तू ती बातमी वाचलीस."

"कशावरून?"

"तू चेंडूकडे बघत नाहीस. अशी नजर मी ओळखतो."

मी विचारलं, "मग खरं काय?"

"कीपर पुढे आला होता. मी बघितलं नाही. त्याच्या लग्नात साक्षीदार म्हणून मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्या मॅचनंतर त्याने माझा फोन उचलला नाही. मी दुसऱ्या क्लबांकडून खालच्या लीगमध्ये खेळत राहिलो. जाईन त्या मैदानावर लोक मला नोटा दाखवायचे. गुडघा गेला तेव्हा बरं वाटलं."

"विकत घ्यायला कोणी आलं होतं?"

"आलं होतं. मी नाही म्हटलं. चौकशीत मात्र कोणी आलंच नाही म्हणून सांगितलं. घाबरलो."

म्हणजे एकदा तो खोटं बोललाच होता. मग उरलेलं खरं कशावरून?

पुढच्या शुक्रवारी मी त्याला म्हटलं, "चेंडू मागे दे. मी गोल सोडून पुढे येणार नाही."

त्याने मला खालून वर न्याहाळलं. "हे तुला कोणी सांगायला लावलं?"

"कोणी नाही."

दुसऱ्या हाफमध्ये त्याने एकदाच पास दिला, हळू, माझ्या पायाशी. चेंडू माझ्यापर्यंत पोचेतो तो मान वळवून माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

उन्हाळ्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. निघताना त्याचा फोन आला. त्या जुन्या कीपरच्या दारात जाऊन उभा राहणार आहे म्हणाला. पुढे काय झालं ते कळलं नाही. बायको अजून विचारते, "खरंच नव्हते घेतले त्याने पैसे?"

मी "नाही घेतले" म्हणतो. अगदी खात्रीने म्हणतो असं नाही.