दाजींनी भुजला घातलेली पंगत

आमच्या दाजींइतका माणसाला मेटाकुटीला आणणारा इसम पंचगंगेच्या दोन्ही काठांवर दुसरा जन्मला नसेल; आणि जन्मला असेल, तर त्याच्या मेव्हण्याला माझा लांबूनच दंडवत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झाली. नोकरी संपली, मोजणी संपली नाही. खिशात टेप कायम. कुणाकडं चहाला गेले की कप येईपर्यंत त्यांचा बाहेरचा सोपा मोजून व्हायचा, आणि पहिल्या घोटाबरोबर, "पावणं, तुमची ही भिंत दोन इंच गल्लीत आल्या की वो!" हे यजमानाला ऐकवून व्हायचं. माझ्या लग्नात भटजी मुहूर्त टळतोय म्हणून बोंबलत होते आणि हा गृहस्थ मांडवाच्या दोन खांबांतलं अंतर मोजत होता. "मांडवच वाकडा हाय, लगीन सरळ हुईल कसं?" असं त्यांनी माझ्या सासऱ्यांना भरमांडवात विचारलं. सासरे पुढं वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

कोयनेकडं जमीन जरा हलली की आमच्या कोल्हापुरात फळीवरची भांडी वाजतात. अशा वेळी शहाणी माणसं घराबाहेर पळतात. दाजी पेन्सिल घेऊन आत पळायचे. भिंतीला जिथं भेग दिसेल तिथं तिच्या टोकाला एक बारीक रेघ, शेजारी तारीख. भेग वाढली का ते पुढच्या वेळी कळावं म्हणून! बरं, हे आपल्या घरात करावं ना? पेठेतल्या निम्म्या घरांत हे उद्योग. किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी मी पोटाला चिमटा काढून घराला रंग लावला होता. त्यावर त्यांनी सात ठिकाणी तारखा घातल्या. मी चिडलो तर म्हणाले, "रंग काय, परत मारता येतोय. माणूस परत आणता येतोय व्हय?" मी कपाळाला हात लावला आणि बायकोनं मला चहा दिला, तोही बिनसाखरेचा.

दोन हजार एकच्या सव्वीस जानेवारीला कच्छ हादरलं. आमच्या पेठेतले लाकडाच्या वखारीचे शेठ मूळचे भुजचे, जुन्या शहरातल्या एका अरुंद गल्लीतले. ती गल्ली सबंध बसली. पुढं दोनेक वर्षांनी जुनं शहर परत उभं करायचं चाललं, गल्ल्या थोड्या रुंद करून ज्याला त्याला जमेल तितकी जुन्याच ठिकाणी जागा द्यायची ठरली, तेव्हा शेठ दाजींना म्हणाले, "कुणाचं घर कुठं होतं यावरच भांडणं चालली आहेत. तुम्ही जाता का?" दाजींनी आधी टेप चाचपला आणि मग हो म्हटलं. अक्का माझ्याकडं आली. "यास्नी एकट्याला सोडू नगंस बाबा. तिथं कुनाच्यात बी शिरून मोजाय लागतील आणि मार खातील." मी गारगोटीच्या शाळेत मास्तर. मे महिन्याची सुट्टी, आंब्यांचे दिवस. ते सोडून मी दाजींबरोबर कच्छच्या उन्हात भाजायला निघालो.

सामानात त्यांनी तीन किलो कांदा-लसूण चटणी घेतली होती. "भूकंपातल्या माणसास्नी जरा चव येऊ दे." त्या सबंध गल्लीत कांदा-लसूण खाणारं एक घर नव्हतं! ती चटणी तीन आठवडे आम्ही दोघांनीच खाल्ली आणि माझं पोट अजून त्याची आठवण काढतं.

गल्ली म्हणजे नुसता साफ केलेला मातीचा पट्टा. लोक गावाबाहेर पत्र्याच्या खोल्यांत राहत होते. रोज तिथं यायचे आणि भांडायचे. घरं भूकंपात पडली होती आणि पडल्यावर वाढली होती. जो तो आपलं घर दोन हात मोठं सांगायचा. दाजी सकाळी मोजायचे, दुपारी खोडायचे. नगररचनेचा तरुण साहेब बिचारा सभ्य, पण दाजींनी त्याच्या नकाशावर पेन्सिल लावली तेव्हा त्यानंही नकाशा ओढून घेतला.

त्यातच जमनाबा होत्या. सत्तरीच्या, एकट्या. एका खोलीचं घर, कागद एकही नाही. डावीकडचं कुटुंब भूकंपात अख्खं गेलेलं. उजवीकडं शेठचा चुलतभाऊ, आणि तो म्हणायचा, ती खोली आमचीच, बा नुसत्या राहायला होत्या. बाकीचे गप्प, त्याचं दुकान मोठं, सगळ्यांना त्याच्याशी काम. साहेब म्हणाला, शेजारच्या कुणीतरी सांगितल्याशिवाय मला नाव घालता येणार नाही. यादी सोमवारी जाणार होती. नाव नसेल तर बांच्या नशिबी पत्र्याची खोलीच. बा रोज येऊन त्या पट्ट्याच्या कडेला उभ्या राहायच्या. बसायच्या नाहीत.

शनिवारी दाजींनी टेप गुंडाळला आणि मला म्हणाले, "मास्तर, उद्या पंगत घालायची."

मी भडकलो. आमची गाडी रविवारीच दुपारची होती, आरक्षण करताना माझ्या नाकी नऊ आले होते. "दाजी, तुम्ही मोजायला आलाय का जेवणं घालायला?"

"मोजायलाच," ते म्हणाले.

रविवारी सकाळी खिचडी-कढी झाली. दाजींनी त्या पट्ट्यावर समोरासमोर दोन रांगा आखल्या आणि आपल्या दिव्य हिंदीत पुकारलं, ज्याचं घर जिथं होतं तिथं त्यानं बसायचं. लोक हसले, पण बसायला लागले. आणि नवल म्हणजे भांडण झालंच नाही. पाय आपोआप जागेवर जात होते. "अरे, तू माझ्या डाव्या हाताला!" असं म्हणत माणसं एकमेकांना ओढून बसवत होती. साहेब वही काढून मागनं लिहीत चालला. जी घरं पुरती गेली होती, तिथं दाजींनी रिकामी पानं मांडली. एकानं सरकून जागा भरायला बघितली तर हे गरजले, "सरकू नका! ती जागा त्येंची हाय."

शेठचा चुलतभाऊ आला आणि थेट त्या मेलेल्या कुटुंबाच्या रिकाम्या पानाला लागून बसला. मध्ये जागाच उरली नाही. जमनाबा उभ्याच. मी दाजींकडं पाहिलं. आता हे आरडाओरडा करणार, मार खाणार, आणि अक्काला मी काय सांगणार? पण दाजी खाली मान घालून वाढत राहिले.

वाढून झालं. कुणी घास उचलेना. दोन्ही रांगा नुसत्या जमनाबांकडं बघत बसल्या. चुलतभावानं घास घेतला, तोंडापर्यंत नेला आणि परत पानात ठेवला. खूप वेळ तो त्या रिकाम्या पानाकडं बघत होता. मग त्यानं आपलं भरलेलं पान दोन्ही हातांनी उचललं आणि एक माणूसभर उजवीकडं सरकला.

"बेसो, बा," तो म्हणाला.

बा बसल्या. साहेबानं नाव लिहिलं. मग सगळे एकदम जेवायला लागले.

गाडी अर्थातच चुकली. सगळे गेल्यावर तळाची खिचडी घेऊन आम्ही दोघं दगडांवर बसलो. दाजींचे डोळे लाल झाले होते, धुरानं झाले म्हणाले. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "मास्तर, लई तरास दिला न्हवं मी तुमास्नी?"

या प्रश्नाचं उत्तर मी वीस वर्षं तयार ठेवलं होतं. मांडव, सासरे, रंग, आंबे, आरक्षण, सगळं ओळीनं पाठ होतं. आज दाजी नाहीत, आणि ते उत्तर माझ्याकडं तसंच पडून आहे. त्या दिवशी एवढंच म्हणालो, "न्हाय वो दाजी. खावा आधी, गार व्हायलंय."