माझं वय सव्वीस नव्हतं

अपमान माझा झाला. १९६७ च्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज पढून आल्यावर. शारजाबाहेरच्या वाळूत तेल शोधणाऱ्या अमेरिकन कंपनीचा कॅम्प होता, तिथल्या खेळाच्या मैदानावर. मी त्या कॅम्पच्या धोबीखान्यात कामाला होतो. रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावचा मुसलमान पोरगा. वय एकोणीस.

कॅम्पच्या मोठ्या साहेबाने माझ्या तोंडात अंगठा घातला. वरचा ओठ उचलला. माझे दात बघितले. सगळ्यांसमोर.

बकरी ईदच्या बाजारात आमचे लोक बकऱ्याचे दात असेच बघतात. दोन दात आले का? आले असतील तर कुर्बानीला चालतो. मीही बघितलेत. बकरा मान झटकतो. मी झटकली नाही. अंगठ्याला तंबाखूचा वास होता.

"ट्वेंटी-सिक्स," साहेब म्हणाला. "इझी."

लोक हसले. हसणाऱ्यांत आपलेही होते, हे लिहून ठेवतो.

आता हे का झालं ते सांगतो.

अमेरिकन लोक शुक्रवारी बेसबॉल खेळायचे. बॉल टाकणारा असतो तो पिचर. बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून बॉल झेलतो तो कॅचर. आपला विकेटकीपर समजा, पण स्टंप नाहीत आणि बॉल टप्पा न पडता अंगावर येतो. तोंडाला जाळी, छातीला गादी, पायाला पॅड.

साहेबाचा मुलगा पिचर होता. कॉलेज सोडून बापाकडे येऊन राहिलेला. बॉल भयंकर जोरात टाकायचा, आणि कुठे जाईल ते त्यालाही ठाऊक नसायचं. त्यांचा कॅचर एक ड्रिलर होता, त्याचा अंगठा मोडला. दुसरं कुणी बसायला तयार होईना. एक बॉल कुंपण ओलांडून धोबीखान्याच्या दोरीवरल्या चादरींत आला. मी उचलला आणि फेकला. मैदानाच्या पार टोकाला उभ्या माणसाच्या हातात सपाट गेला. त्या शुक्रवारपासून मला जाळी घालून बसवलं.

गावी कापणी झाली की शेतात आम्ही कॉर्कच्या बॉलने खेळायचो, मी कीपर. बसायची सवय होतीच. धोबीखान्यातला दापोलीचा एक जण रोज विचारायचा, "काय रे, कोंबडीसारखा बसतोस, अंडं कधी देणार?"

मी अंडं दिलं नाही. खेळ शिकलो. वाळूत आपटणारा बॉल छातीने अडवायला शिकलो. बसल्या जागेवरून उठून, एका झटक्यात, धावणाऱ्याच्या आधी बॉल पुढे पोचवायला शिकलो. आणि एक गोष्ट मला कुणी सांगेपर्यंत माहीत नव्हती. पिचरने कुठला बॉल टाकायचा ते कॅचर ठरवतो. मांडीआड बोटं दाखवून. एक बोट, दोन बोटं. ज्या कॅम्पात मला "ए बॉय"शिवाय हाक नव्हती, तिथे मी साहेबाच्या मुलाला काय करायचं ते सांगत होतो. आणि तो ऐकत होता!

मग तो पाहुणा आला. साहेबाचा मेहुणा. अमेरिकेत पैसे घेऊन खेळणाऱ्या एका मोठ्या क्लबासाठी तो गावोगाव फिरून पोरं पारखायचा. कुणात दम आहे, कुणाला क्लबात घ्यावं, तो सांगायचा. साहेबाला वाटत होतं, मुलाचं नशीब घरबसल्या उघडेल. मला एवढंच सांगितलं, "सगळे बॉल झेल. यल्ला, चल लवकर."

मी झेलत होतो. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं, पाहुणा पोराकडे बघतच नाहीये. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. मग बाजूला गेला. खिशातून घड्याळ काढलं. एका माणसाला धावायला लावलं आणि मला म्हणाला, "थ्रो." मी फेकला. "अगेन." फेकला. "अगेन." त्याने घड्याळ कानाला लावून हलवून बघितलं. बिघडलंय की काय म्हणून.

तो जवळ आला. "मे आय?" म्हणाला. मला आधी कळलंच नाही. माझा हात बघायची तो परवानगी मागत होता. दोन वर्षांत त्या कॅम्पात मला कुणी परवानगी मागितली नव्हती. मी हात पुढे केला. त्याने बोटं बघितली, मनगट बघितलं.

"हाउ ओल्ड आर यू, सन?"

"नाइन्टीन, सर."

तो हसला. चांगलं हसला. साहेबाकडे वळून म्हणाला, "नाइन्टीन!" त्या एका शब्दात काय होतं ते मी अजून विसरलो नाही. एकोणीस म्हणजे अजून शिकवता येईल. एकोणीस म्हणजे वेळ आहे.

साहेब हसला नाही. त्याचा मुलगा तिथेच उभा होता, बॉल हातात, मान खाली. साहेब म्हणाला, "नॉनसेन्स. ह्याचा पासपोर्ट माझ्या कपाटात आहे. सव्वीस. ह्या लोकांना आपला जन्म कधी झाला ते ठाऊक नसतं."

मला ठाऊक होतं. पासपोर्टातलं वय खोटं होतं, तेही मला ठाऊक होतं. कंपनीला एकवीसच्या आतला माणूस नको होता. मी सतरा वर्षांचा. माझ्या मामूने, आईच्या सख्ख्या भावाने, मला तिथे लावलं. हसनमामू कॅम्पच्या मेसमध्ये स्वयंपाकी होता. उगाच शंका नको म्हणून त्याने माझं वय चोवीस सांगितलं, आणि दाढी ठेवायला लावली. आपल्याकडे हे सगळेच करतात. कुणाला त्यात पाप वाटत नाही. पोरगा कामाला लागला, खलास.

साहेबाने मामूला मेसमधून बोलावलं. मामू एप्रनला हात पुसत आला. हाताला पीठ होतं.

"हसन! धिस बॉय. हाउ ओल्ड?"

मामूने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मामू, खरं सांग. अल्लाची शपथ, खरं सांग." मराठीत म्हणालो. तिथे ते आम्हा दोघांशिवाय दापोलीवाल्यालाच कळलं असेल.

मामू मला मराठीतच म्हणाला, "गप बस, बाबा. दोघांनाही बोटीत घालतील."

मग इंग्रजीत म्हणाला, "ट्वेंटी-सिक्स, साहेब."

पाहुणा म्हणाला, "तो एकोणीस म्हणतोय." तेव्हा साहेब पुढे आला, "मुंह खोलो" म्हणाला, आणि अंगठा आला. तो मी वर सांगितला.

पाहुण्याने दुसरीकडे बघितलं. घड्याळ खिशात टाकलं. जाता जाता माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "वाईट वाटतं. पाच वर्षांपूर्वी भेटायला हवा होतास."

पाच वर्षांपूर्वी मी चौदा वर्षांचा होतो, शाळेत होतो!

साहेबाने टाळी वाजवली. "ओके. सिट डाउन. पोराला अजून टाकायचेत."

मी जाऊन जागेवर उभा राहिलो. बसलो नाही.

"सिट डाउन."

मी जाळी काढली. हातमोजा काढून वाळूत ठेवला. हात मागे बांधले. मुलाला वाटलं मी मस्करी करतोय, त्याने बॉल टाकला. माझ्या कानाजवळून गेला आणि कुंपणाच्या तारेवर आपटला. दुसरा टाकला, तोही तारेवर. साहेब शिव्या देत होता. मी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "आय ॲम नाइन्टीन." त्याने तिसरा टाकायला सांगितला नाही.

मला काढलं. पासपोर्ट हातात मिळाला तो थेट दुबईच्या खाडीवर, होडीत चढताना. बाहेर समुद्रात बोट उभी होती. मामू पोचवायला आला होता. त्याची नोकरी राहिली. त्याने आईसाठी खजूर दिला.

"खरं सांगितलं असतं तर दोघेही ह्या होडीत असतो," तो म्हणाला.

"आता मी एकटा आहे, मामू."

तो रडला. मी रडलो नाही. बोट खोर फक्कानचे डोंगर मागे टाकून भर समुद्रात आली, तेव्हा रडलो.

नोकरीसाठी रडलो नाही. घेतला असता का मला त्या क्लबाने? ठाऊक नाही. कदाचित पाहुणा पुढच्या आठवड्यात विसरला असता. कदाचित मी तिकडे थंडीत पहिल्याच महिन्यात नापास झालो असतो. नापास झालो असतो तर चाललं असतं. माझ्या खऱ्या वयाने, माझ्या खऱ्या हाताने नापास झालो असतो. मी किती चांगला होतो हे सांगू शकणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि त्याने दुसऱ्याच कुणाची तरी पारख केली. सव्वीस वर्षांच्या एका माणसाची, जो कधी जन्मलाच नव्हता. आज मी एकवीसचा आहे. किती चांगला होतो ते मला अजून माहीत नाही. आता कधीच कळणार नाही.

गेलं वर्षभर मी मुंबई बंदरात, आखाताच्या बोटीवर चढणाऱ्यांना कामगार युनियनची पत्रकं वाटतो. रांगेत पोरं असतात. ओठांवर जेमतेम लव, आणि पाठ केलेलं वय. विचारलं की थांबत नाहीत, धडाधड बोलतात. पंचवीस. सव्वीस. शेजारी कुणीतरी चाचा, कुणीतरी मामू.

कंपनीशी मी भांडणारच आहे. ज्याचा पासपोर्ट त्याच्या हातात राहील, माणसाच्या अंगाला विचारल्याशिवाय कुणी हात लावणार नाही, असं होईपर्यंत भांडणार आहे. पण साहेबाच्या हातात ते सव्वीस कुणी दिलं? आम्ही दिलं. आमच्या मायेने दिलं. मामूवर माझी माया आहे. त्याला मी माफ केलेलं नाही.

तुम्ही हे वाचताय. तुमच्या घरातलं पोर तुम्ही वाढीव वय सांगून कुठे लावलंय का? मग मला उत्तर देऊ नका. उद्या सकाळी जिथे खोटं सांगितलं तिथे जा आणि त्याचं खरं वय सांगा. नोकरी जाईल. जाऊ द्या. जा.