दोन्ही कागदांवर माझी सही

मला कन्नड वाचता येत नाही. बोलतो मात्र असं, की गुलबर्ग्याचा व्यापारीसुद्धा मला त्यांच्यातलाच समजतो. कर्नाटकातल्या आमच्या सीमेवरच्या गावात हे असंच आहे. घरात मराठी, बस स्टँडवर कन्नड, गॅरेजात दखनी. वाचण्याचं मात्र ज्याच्या त्याच्या शाळेवर असतं. मला वडिलांनी उदगीरला मामाकडे शिकायला ठेवलं, त्यामुळं माझी अक्षरं मराठीच राहिली. परत येऊन मी बाजारात साड्यांचं दुकान टाकलं. चार लोकांचे अर्ज लिहून दिले, दोन सभांत बोललो, आणि गावात शिकलेला माणूस म्हणून माझं नाव झालं. एकदा तसं नाव झालं की सरकारी कागद आपल्याला वाचता येत नाही, हे सांगायची सोय राहत नाही.

मग मी चष्मा विसरायला लागलो. बँकेत गेलो, चष्मा घरी राहिला. बिल आलं, चष्मा दुकानात राहिला. बस आली की पाटी बघायची नाही, कंडक्टरला रामराम घालायचा आणि तोच सांगेल कुठं चालली ते. दुकानाला पंचायतीची नोटीस आली की मी ती खिशात घालून रस्त्याच्या टोकाला, अक्काच्या क्लबात जायचो. "अक्का, चष्मा राहिला बघ. काय म्हणायलेत हे?" ती हात पुसायची, कागद घ्यायची आणि एकेक ओळ मराठीत सांगायची. तारीख असेल तर दोनदा सांगायची. एकदा तर चष्मा माझ्या शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर आला होता. तिची नजर त्याच्यावर गेली. तिनं नोटीस वाचून दाखवली आणि मला चहा दिला.

ही अक्का माझ्या नात्यातली नाही; बाजार मला अप्पा म्हणतो, ती तेवढी अण्णा म्हणायची. तिचा नवरा लग्नात ऑर्केस्ट्रा घेऊन जायचा. तो गेल्यावर तिनं गावाबाहेर, महाराष्ट्राच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याचा एक हॉल उभा केला. रंगीत दिवे, लाकडी स्टेज, पंधरा टेबलं. पाटीवर कन्नडमध्ये काय लिहिलं होतं देव जाणे, आम्ही सगळे त्याला क्लबच म्हणायचो. रविवारी संध्याकाळी तिथं गाणी व्हायची. ती स्वतः गायची, जहीराबादकडची एक पोरगी गायची, बुद्धनगरातले एक मास्तर कीबोर्ड वाजवायचे. मटण मिळायचं. काही लोक बाटली घेऊन यायचे, तेही खरं, मी उगाच पांघरूण घालत नाही. पण बाया-माणसं घेऊन बसता येईल अशी तेवढी एकच जागा होती आमच्याकडं. लायसन अक्काच्या नावावर होतं आणि तिचं घर त्याच्यावरच चालायचं.

मागच्या वर्षी क्लबावर जीप यायला लागली. दर आठवड्याला, ठरल्यासारखी. एकदा आवाज जास्त म्हणून. एकदा गाड्या रस्त्यावर लागल्या म्हणून. एकदा आग विझवायचा लाल डबा कुठाय म्हणून. डबा आणला, तर तो कुठल्या उंचीवर टांगला म्हणून. पोलिसांबरोबर पंचायतीची माणसं टेप घेऊन यायची आणि दारं मोजायची. गिऱ्हाईक ताटावरून उठून निघून जायचं. क्लबात माणूस येईना, तर रस्त्यावरचा पानवाला, रिक्षावाले, भाजीवाल्या बाया, सगळ्यांचीच संध्याकाळ सुनी पडली. लोक चिडले. बाजारात शेडखाली बैठक झाली आणि तिथं सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं? मीच की!

"गावात डासाचं औषध मारायला एक माणूस मिळत न्हाई," मी म्हणालो, "आणि हितं दाराची मापं घ्यायला चारचार जण यायलेत! कामून? गाणं म्हणायलेत, दरोडा घालायलेत व्हय?" टाळ्या पडल्या. माझा आवाज मुळातच तापट आहे, त्यात टाळ्या मिळाल्या की मला आवरत नाही. निवेदन द्यायचं ठरलं. मी तिथंच बसून मराठीत दोन पानं लिहिली. तालुक्याच्या ऑफिसातला क्लार्क म्हणाला कन्नडमध्ये पाहिजे, तेव्हा ते अक्कानंच कन्नडमध्ये लिहून काढलं. पहिली सही माझी. मी कागदावरून नजर फिरवली, मान हलवली आणि झोकात सही केली. अक्का बाजूलाच उभी होती. माझी ती मान हलताना बघून तिला काय वाटलं असेल, याचा विचार मी आता करतो.

त्यानंतर दोन रविवारांनी मी दुपारी चहाला क्लबात गेलो होतो. चार वाजले असतील. गिऱ्हाईक नव्हतं. अक्का स्टेजच्या काठावर बसून मेथी निवडत होती आणि निवडता निवडता गाण्याची चाल त्या पोरीकडून घटवून घेत होती. तिच्या अंगावर पोपटी साडी होती, माझ्याच दुकानातली. मागचं दार सताड उघडं होतं. इतकं उघडं, की शेजाऱ्याची शेळी त्यातून आत आली आणि मेथीच्या काड्या खायला लागली. मास्तर तिला हुसकत होते आणि आम्ही हसत होतो, तेवढ्यात जीप आली.

जीपमधले पोलीस साहेब नवे होते. त्यांनी हॉल बघितला, दिवे बघितले, वहीत लिहिलं. मग पंच पाहिजेत म्हणाले. आमच्याकडं पंचाला बोलावतात ते मान असलेल्या माणसाला, आणि साहेबांच्या शिपायानं माझ्याकडं बोट केलं. "हे मोठे मनुष्य आहेत सर, दुकानदार, शिकलेले." दुसरा पंच म्हणून रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्याला आणलं. खरं सांगतो, मला तेव्हा बरं वाटलं. मी गावाच्या बाजूनं आहे, मी पंच असलो तर वेडंवाकडं काही लिहिलं जाणार नाही, असं मी स्वतःला सांगितलंसुद्धा.

साहेबांनी तीन पानं भरली आणि माझ्यापुढं केली. "ओदि नोडि, सही माडि," म्हणाले. वाचून बघा आणि सही करा. चांगले अदबीनं म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं. पण त्यांनी मला वाचायला सांगितलं. अक्षरं गोल गोल, एकात एक गुंतलेली, हातानं घाईत लिहिलेली. हल्ली मोबाईल कागद वाचून सांगतो म्हणे. पण चार पोलीस, मास्तर आणि रसवंतीवाला बघत असताना कागदावर मोबाईल धरायचा? त्यापेक्षा जमीन दुभंगली तर बरं. चष्मा राहिला म्हणावं, तर मेला तो माझ्या नाकावरच होता.

मी वाचलं. म्हणजे वाचल्यासारखं केलं. पहिल्या पानाला जितका वेळ लावला तितकाच दुसऱ्याला लावला. मध्ये एकदा थांबलो, भुवई वर केली, पुढं गेलो. तिसऱ्या पानाशेवटी मान हलवली आणि सही ठोकली. रसवंतीवाल्यानं सरळ सांगितलं, "मला लिवता-वाचता येत न्हाई सर, वाचून दावा." साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "यांनी वाचलंय की." रसवंतीवाल्यानं मला विचारलं, "बरोबर हाय का अप्पा?" मी म्हणालो, "व्हय, बरोबर हाय." त्यानं अंगठा दिला. अक्का मेथीची जुडी हातात धरून माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, ती घाबरली आहे.

महिन्याभरानं तालुक्याच्या ऑफिसात लायसनची सुनावणी निघाली. बाजारातले वीस-पंचवीस लोक गेलो. मी पुढं, इस्त्रीचा शर्ट घालून. अक्का तीच पोपटी साडी नेसून आली होती. सुनावणी घेणाऱ्या तहसीलदार साहेबांच्या क्लार्कनं पंचनामा मोठ्यानं वाचला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं मी कशावर सही केली होती. कानानं कन्नड मला पक्कं कळतं, तिथं सुटका नव्हती. स्टेजवर दोन बाया अश्लील पोशाखात गिऱ्हाइकांना हावभाव करत होत्या. आग लागली तर बाहेर पडायचं मागचं दार कुलूप लावून बंद होतं. हे सर्व पंचांनी समक्ष पाहिलं आणि वाचून खात्री केली.

अश्लील पोशाख! मी मीटरनं मापून दिलेली साडी ती. माझ्या कानशिलात कुणी भडकावली असती तर बरं वाटलं असतं.

मग तहसीलदार साहेबांनी दुसरा कागद काढला. आमचं निवेदन. त्यावरही पहिली माझीच सही. "इथं तुम्ही लिहिता, क्लबात काही वाईट चालत नाही. इथं लिहिता, चालतं. दोन्ही तुम्हीच वाचून सही केली. खरं कोणतं?"

मागं कुणीतरी हसलं. रसवंतीवाला उठून म्हणाला, "साहेब, मी तर अप्पानं वाचलं म्हणून अंगठा दिला." सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. एकच वाक्य बोलायचं होतं. मला वाचता येत नाही. तेवढं म्हटलं असतं तर पंचनाम्याची तिन्ही पानं तिथंच निकामी झाली असती. लोक दोन दिवस हसले असते, आणि दिवाळीपर्यंत विसरले असते. मला हे तेव्हाही कळत होतं. नंतर सुचलं असं नाही, अगदी तेव्हाच, उभा होतो तिथं कळत होतं.

आणि मी अक्काकडं बघितलं. तिला तर सगळं ठाऊक होतं. माझी प्रत्येक नोटीस तिनं वाचली होती. तिनं नुसतं म्हटलं असतं, "साहेब, त्यांच्या हातात कुठलाही कागद द्या आणि वाचा म्हणा," तरी काम झालं असतं. तिचं तोंड उघडलं. मी तिच्याकडं बघून, कुणाला दिसणार नाही इतकी, मान हलवली. नको म्हणून. हे मी केलं. त्या बाईचं पोट आणि अब्रू त्या टेबलावर पडली होती, आणि मी तिला माझी झाक म्हणून खुणावत होतो.

तिनं तोंड मिटलं.

"त्या दिवशी जे दिसलं ते पंचनाम्यात हाय, साहेब," मी म्हणालो. आवाज चांगला खणखणीत निघाला. लायसन रद्द झालं. बाहेर आल्यावर लोक माझ्याशी बोलले नाहीत. पानवाला तेवढा म्हणाला, "किती खाल्लं, अप्पा?" मी एक पै खाल्ली नव्हती. पण खरं कारण सांगण्यापेक्षा त्याला तसं वाटू दिलेलं मला सोपं गेलं. काय माणूस असेन मी!

क्लबाला सील लागलं. जहीराबादची पोरगी तिच्या गावी गेली. मास्तरांनी कीबोर्ड घरी नेला. बाजारात बाया अक्काच्या पाठीमागं ते पंचनाम्यातले शब्द बोलायला लागल्या आणि कुणी विचारलं की सांगायच्या, दुकानवाल्यानं डोळ्यानं बघितलंय. ती आमच्या रस्त्यानं यायची बंद झाली. मीही तिच्या घराकडं जायचं टाळायचो.

मग या पावसाळ्यात दुकानाला परत एक नोटीस आली. चार दिवस गल्ल्यात पडून होती. कुणाकडं न्यावी? ज्याच्याकडं नेईन त्याला कळणार. पाचव्या दिवशी दुपारी मी निर्लज्जासारखा तिच्या घरी गेलो. ती सामान बांधत होती. भावाकडं गाणगापूरला चालली होती, तिथं यात्रेकरूंच्या लॉजमध्ये स्वयंपाकाचं काम बघून ठेवलं होतं. गाणं नाही, स्वयंपाक. मला बघून उठली. माझ्या हातातला कागद तिनं बघितला आणि सवयीनं हात पुढं केला.

"चष्मा राहिला व्हय, अण्णा?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी सहन केला असता. मी चष्मा काढून हातात धरला आणि म्हणालो, "चष्मा हाय, अक्का. मला वाचता येत न्हाई."

घरात आम्ही दोघंच होतो.

"हे तिथं म्हणायचं हुतं, अण्णा," ती म्हणाली.

मग खाटेवरची गाठोडी बाजूला सारून तिनं मला बसायला जागा केली, कागद घेतला आणि एकेक ओळ मराठीत सांगायला लागली. दुकानाचं लायसन नवं करून घ्यायचं होतं, महिनाअखेरच्या आत. तारीख तिनं दोनदा सांगितली.