रत्नाची पहिली

अक्का, आम्ही गाव सोडलं त्या सकाळी तू स्टँडवर आली नव्हतीस. थोरली जाऊ म्हणून माझ्या पोरीला तू जन्मापासून कडेवर वागवलंस, तिला जाताना बघणं तुला जमणार नाही, हे मला माहीत होतं. आबांनी, आपल्या सासऱ्यांनी, एसटीच्या टपावर ट्रंक चढवली आणि रत्नाच्या डोक्यावर हात ठेवला. "खूप शिक माय, मोठी व्हय," एवढंच म्हणाले. रत्ना खिडकीतून हात हलवत होती. सहा वर्षांची होती. अमळनेरला बस बदलेपर्यंत ती मजेत होती, आणि जळगाव आल्यावर तिने विचारलं की आता परत कधी जायचं.

रत्नाच्या वडलांना जळगावला पाइपच्या कारखान्यात काम लागलं होतं. पण खरं सांगते, हट्ट माझा होता. मी चौथी शिकलेली, आणि माझी पोर इंग्रजी शाळेत जाईल हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. ज्या शाळेत गेलो तिथली बाकीची मुलं दोन वर्षं बालवाडीत बसून आलेली. मोठ्या बाई आधी नाही म्हणाल्या. यांनी फार विनवलं तेव्हा त्यांनी तिला पहिलीत घेतलं आणि टाइप केलेला एक कागद हातात दिला. पहिलीच्या वर्षअखेर मुलाला काय काय यायला हवं, ते त्यावर होतं. "एवढं आलं तर दुसरीत घालू," त्या म्हणाल्या.

यांनी घरी येऊन प्रत्येक ओळीखाली मराठीत अर्थ लिहिला. मोठी आणि लहान एबीसीडी. पन्नास शब्दांचं स्पेलिंग. स्वतःबद्दल पाच वाक्यं. एक ते शंभर, आकड्यांत आणि अक्षरांत. दोन आकडी बेरीज, वजाबाकी. पाचपर्यंतचे पाढे. कागद मी पिठाच्या डब्याच्या वर भिंतीला चिकटवला, आणि जे येईल त्याच्यापुढे लाल खूण करायची असं ठरवलं.

अक्का, तुला आठवत असेल, कापूस वेचायला आलेल्या बायका हीच पोर मोजायची. किती आल्या, किती घरी गेल्या, किती उरल्या, चालता चालता सांगायची. तीच आता वहीत सत्तेचाळीसच्या जागी चौऱ्याहत्तर लिहायला लागली. मला कळेना. मग एकदा तिच्याबरोबर मोठ्याने म्हणून पाहिलं. आपण सत्तेचाळीस म्हणतो तेव्हा सात आधी येतात, फॉर्टी सेव्हन म्हणताना चार आधी. तिच्या डोक्यात दोन्ही एकमेकांवर आदळत होते. हे मला समजलं, पण सोडवायचं कसं ते समजलं नाही. मी तिला तोच आकडा शंभर वेळा लिहायला लावला.

दिवाळीपर्यंत कागदावर दोनच लाल खुणा झाल्या. वर्गात इंग्रजीत विचारल्याशिवाय बाहेर जाऊ देत नसत. ते वाक्य तिला घरी यायचं, तिथे तोंडातून निघायचं नाही. रोज ओल्या कपड्यांनी घरी यायची. पुढे तिने शाळेत पाणी पिणंच सोडलं. तिला ताप भरला, लघवीला जळजळ होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, पोरीला पाणी द्या. सकाळी उठली की रडायची, "माय, माले तठे नही जानं." मी तिला ओढत शाळेत न्यायची.

शाळेच्या डायरीत वर्गाच्या बाईंनी लिहिलं की घरात गावची भाषा बोलू नका, मुलगी मागे पडते आहे. मी ते देवाचा शब्द असल्यासारखं मानलं. घरात आपली बोली बंद केली. तिने "पानी जोयजे" म्हटलं की मी पाठ फिरवायची. "पाणी हवं आहे" किंवा "वॉटर" म्हणेपर्यंत पेला द्यायची नाही. तापातून उठलेल्या पोरीला, अक्का. एकदा हातावर पट्टीने मारलं. ती हळूहळू बोलायचीच थांबली. मला वाटलं, सुधारते आहे.

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी बाराला शाळा सुटल्यावर न्यायला गेले तर ती नव्हती. फाटकावरच्या माणसाने पाहिलं नव्हतं, वर्गात दप्तर नव्हतं. मी घरी धावले, परत शाळेत धावले, कारखान्यात निरोप पाठवला. मग वाटलं, ती गावाला निघाली असेल, आणि स्टँड गाठला. अमळनेरच्या गाड्या लागतात त्या फलाटावर प्रत्येक बसमध्ये चढून हाक मारली. लोक बाजूला सरत होते. घशातून आवाज निघेना तेव्हा मी फलाटावरच बसले. मनात एकच होतं, ती मिळाली नाही तर आबांना, तुला, तोंड कसं दाखवू.

चार वाजता हे सायकलवर आले. नशिराबादहून शाळेत फोन आला होता. पोरीच्या दप्तरातल्या डायरीवर शाळेचा नंबर होता.

ती अमळनेरची समजून भुसावळच्या बसमध्ये बसली होती. बसवरची पाटी मराठीत होती, आणि आम्ही तिला वर्षभर नुसती एबीसीडी गिरवायला लावलेली. कंडक्टरला वाटलं, शेजारच्या बाईची पोर आहे. ती बाई नशिराबादला उतरली तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्याने पोरीला स्टँडसमोरच्या बांगड्यांच्या दुकानात नेऊन बसवलं. दुकानवाल्या जुबेदाबींनी तिला जेवू घातलं, नाव विचारलं, गाव विचारलं, आईचं नाव विचारलं.

"तीन घंटे हो गए बहन, एक लफ्ज नहीं बोली," त्या मला म्हणाल्या. "मुझे लगा गूंगी है."

रत्ना बांगड्यांच्या खोक्यांमध्ये दप्तर छातीशी धरून बसली होती. मला बघून उठली नाही. आधी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, मग अगदी हळू विचारलं, "माय, मी बोलू का?"

मी खाली बसले. "बोल माय, बठ्ठं बोल," म्हणत तिला आपल्या बोलीत सगळं बोलायला सांगितलं.  ती माझ्या पदराला धरून उभी राहिली, आणि घरी येईपर्यंत तिने पदर सोडला नाही. कागद मी त्याच संध्याकाळी भिंतीवरून काढला.

एप्रिलमध्ये शाळेने दुसरीत घेतलं नाही. आम्ही तिला नगरपालिकेच्या मराठी शाळेत पुन्हा पहिलीत घातलं. तिथल्या गुरुजींनी तोंडी विचारलं, सत्तेचाळीसातून एकोणीस गेले, किती राहिले. तिने लगेच अठ्ठावीस म्हटलं. गुरुजींनी मान डोलावली आणि मला दाराबाहेर रडू फुटलं.

आज ती पुण्यात मोठ्या ऑफिसात आहे. फोनवर इंग्रजी बोलते तेव्हा मला एक शब्द कळत नाही. शेजारणी म्हणतात, नशीब काढलं पोरीने. मी हो म्हणते. पण त्या दिवसानंतर मी घरात आपली बोली पुन्हा सुरू केली, आणि रत्नाने मात्र ती कधीच उचलली नाही. तिला सगळं समजतं. मी आपल्या बोलीत विचारते, ती स्वच्छ मराठीत उत्तर देते. मी एकदा माफी मागायला गेले, तर म्हणाली, "आई, मला त्यातलं काहीच आठवत नाही." मला ते खरं वाटत नाही.

माझ्यासारख्या किती जणी गाव सोडून इथे आल्या, लेकरं घेऊन. त्यांच्या घरात काय झालं, कोणी सांगत नाही.

आबा गेले. तुझ्या कानांनी दगा दिल्यापासून आपलं फोनवरचं बोलणंही संपलं. ते दहा मिनिटांचं बोलणं हेच माझं घर होतं, दुसरं कुठलं उरलं नव्हतं. तुला वाचता येतं म्हणून पत्र लिहायला बसले. आपल्या बोलीत लिहावं म्हटलं, तर पहिल्याच ओळीला हात थांबला. ती कशी लिहितात ते मला कोणी शिकवलंच नव्हतं. म्हणून हे सगळं पुस्तकातल्या मराठीत लिहिलं आहे. एकच ओळ आपल्यातली लिहिते, चुकली असेल तर सुधारून वाच.

अक्का, माले तुन्ही याद येस.