वरातीच्या गाडीचा दरवाजा

ग्रुपवरच्या जुन्या गाड्यांच्या जाणकारांनो, आज मी पैज जिंकलो आणि तोंड पाडून घरी आलो.

धाड गावात भाच्याचं लग्न होतं. वरातीसाठी आणलेल्या गाडीचं छत कापलेलं, रंग पांढरा-सोनेरी, समोर पितळी भोंगे, मागे चक्क सिंहासन. मूळची गाडी कोणती, यावर पाहुण्यांत पैज लागली. कोणी म्हणे जीप. मी बिजागऱ्या पाहून सांगितलं, "ॲम्बेसेडर!"

निकाल द्यायला बाबांना बोलावलं. त्यांनी आयुष्यभर चिखली-धाड टॅक्सी चालवली, तीही ॲम्बेसेडरच. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा मी ती विकून टाकली, त्यांना न विचारता.

बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "अंबासिटरच हाय."

"आपली तर नाही ना?" मी हसत विचारलं.

"नाई रे. आपली कायले राहीन? आपली काळी होती."

मग त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचा उघडा दरवाजा लावला. हँडल धरून जरासा वर उचलला आणि खालून गुडघ्यानं हलकाच रेटला. खट्ट.

बैलगाडीला घासल्यापासून आमच्या गाडीचा दरवाजा असाच लागायचा. तोही फक्त बाबांच्या हातानं.

 

बाबा माझ्यासाठी खोटं बोलले. आता माफी मागितली, तर ते खोटंही मी त्यांच्याकडून न विचारता काढून घेईन. तुम्ही काय केलं असतं?