कोंबड्यांविना अंगण

आज सकाळी अंगण झाडायला गेले, तर मातीत कोंबड्यांच्या पावलांची नक्षी तशीच होती. झाडू फिरवावासा वाटेना. हे गेल्यापासून कोंबड्यांशीच बोलत माझा दिवस सरायचा. पण यंदा त्यांच्या दाण्याचा मका फार महागला. दुकानदार म्हणाला, “काकू, मका आता इथेनॉलला जातोय, गाड्यांच्या इंधनात.” त्याने हवा सुधारेल म्हणतात. सुधारावीच, हल्लीचे उन्हाळे सोसवत नाहीत. तरी उपाशी जीव डोळ्यांसमोर कसे ठेवायचे? काल सगळ्या कोंबड्या नणंदेच्या शेतावर पोचवल्या. तिथे निदान चरून पोट भरतील. टीव्हीवर या मक्यावरून इंधनवाले आणि कोंबडीपालनवाले तावातावाने भांडतात, आणि दोघांचंही मला पटतं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. “आई, आज मागे एवढं शांत कसं?”

“वारा पडलाय रे,” मी म्हटलं.